साबुदाण्यामागचा डबा

५ नोव्हेंबर २०२२, शनिवार. गुरुग्राम

गाझियाबादच्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बदलायला काढली आहे आणि मी राहते नवव्या मजल्यावर. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात चार आठवडे, म्हणजे सहा धरायचे. पस्तीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी केली आहे, मुदत कशी वाचायची ते मला कळतं. तोवर मुक्काम मुलाकडे, विनायककडे. इथे अठरावा मजला, लिफ्ट चार, पण खिडकी उघडायची सोय नाही. बाहेर नुसता धूर. समोरचा टॉवर सकाळी दहापर्यंत दिसत नाही.

आल्या आल्या स्वयंपाकघर हातात घेतलं. सूनबाईंच्या ओट्यावर पाकिटंच पाकिटं, प्रत्येकाचं तोंड कपड्याच्या चिमट्याने बंद केलेलं. मी येताना टॅक्सीत माझे स्टीलचे डबे घालून आणले होते. दुपारभर बसून सगळं त्यांत ओतलं. अलका हसली. म्हणाली, "आई, वर नावं तरी लिहा." मी म्हटलं, ज्याला स्वयंपाक येतो त्याला डब्यावर नावं लागत नाहीत. तिच्या कॉफीच्या पाकिटाला हात लावला तेव्हा मात्र ती घाईने म्हणाली, "ते राहू द्या ना, त्याला झडप असते, वास टिकतो." तेही ओतलं. आमच्या घरात पाकिटं ओट्यावर राहत नाहीत.

८ नोव्हेंबर, मंगळवार

अलकाची कॉफी हा एक स्वतंत्र विषय आहे. आपली कॉफी म्हणजे दूध, साखर, चमचाभर पूड आणि वरून जायफळ. प्यायली की माणूस सुखाने आडवा होतो. हिची काळी. काचेच्या उभ्या भांड्यात पूड, त्यावर गरम पाणी, चार मिनिटं घड्याळ लावून थांबायचं आणि मग वरचा दांडा हळूहळू दाबायचा. काल तिने मला रीतसर धडा दिला. अरेबिका नाजूक, डोंगरावरची. रोबस्टा कडू आणि तिच्यात ते जागं ठेवणारं द्रव्य जवळजवळ दुप्पट. पीबेरी म्हणजे फळात दोन बियांऐवजी एकच गोल बी. सांगताना चेहरा उजळला होता पोरीचा. सहा वर्षांत माझ्याशी एवढं सलग बोलली नव्हती.

पण मोठे चार मग रोज! मंगळ, बुध, गुरू ऑफिसला जाते, तिथेही मशिनची पितेच. उरलेले चार दिवस घरीच, तेव्हा चारही मग माझ्या डोळ्यांसमोर. मागे एकदा सहा-सात महिने सोडली होती तिने. गाझियाबादला आली तरी घ्यायची नाही. विचारलं तर म्हणाली ॲसिडिटी. मग पुन्हा सुरू. जे एकदा सोडता आलं ते पुन्हा का धरायचं, हे मला कळत नाही.

संध्याकाळी माझी मैत्रीण कुमुद, तिचा गाझियाबादहून फोन. तिच्या नातवाला चौथा दात आला. त्यानंतर तिने कॉफी आणि बायकांच्या तब्येतीवरचा एक लांबलचक मजकूर पाठवला. दोनदा वाचला.

अलकाला झोप नीट लागत नाही. काळजी वाटते एवढंच.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक काम निर्वेध पार पाडलं.

मॉलमध्ये कॉफी भाजून विकणारं एक दुकान आहे. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, वो जिसमें नशा नहीं होता, वैसी है? ती हसली. "डिकैफ? बिल्कुल है आंटी. टेस्ट में ज़्यादा फ़र्क़ नहीं आएगा." ज्या मळ्याची अलका घेते त्याच मळ्याची होती. दोन पाकिटं घेतली, ते जागं ठेवणारं द्रव्य काढून टाकलेल्या पुडीची. घरी येऊन अलकाची पूड दुसऱ्या डब्यात काढली, तो डबा साबुदाण्यामागे ठेवला आणि तिच्या डब्यात नवी पूड ओतली. पाकिटं खाली कचऱ्यात टाकून आले.

तिने दुपारी करून घेतली. एक घोट घेऊन म्हणाली, "आज जरा फिकी लागतेय का हो?" मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं. बोलून, भांडून, मन दुखावून जे झालं नसतं ते कुणाला कळू न देता झालं. ऑफिसच्या भाषेत, टिपणीशिवाय आदेश!

१४ नोव्हेंबर, सोमवार

शनिवारपासून अलकाचं डोकं दुखतंय. दोन्ही कानशिलं ठणकतात म्हणते. प्रदूषणच. काल विनायकने हवा साफ करायचं दुसरं मशीन आणलं, तेही आता रात्रंदिवस घुर्रघुर्र करतंय. एक बरं झालं, काल दुपारी ती चक्क दोन तास झोपली. एरवी दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही तिचा. म्हणजे माझ्या औषधाने गुण दिला. मी जायफळ घालून दुधाची कॉफीही दिली, तीही त्याच डब्यातली. मुकाट्याने प्यायली.

१६ नोव्हेंबर, बुधवार

डोकं उतरलं. काल ऑफिसला गेली तर दुपारपर्यंत एकदम साफ, म्हणाली. हवा तर कालच जास्त खराब होती. नवलच.

२१ नोव्हेंबर, सोमवार

लिहू की नको असं झालंय. पण वही माझीच आहे.

शनिवार-रविवार पुन्हा डोकं. आज घरून काम, आज तर फारच. पडदे ओढून, कपाळाला ओढणी घट्ट बांधून लॅपटॉपसमोर बसली आहे. आणि मंगळवार ते गुरुवार ऑफिसात असते तेव्हा काही नाही! शुक्रवारी घरी बसली की शनिवारी सुरू. न कळायला मी काही दूधखुळी नाही. घरात असली की डोकं दुखतं आणि घरात नवीन काय आलंय? मी. माझं डबे लावणं, माझं टीव्हीवर बातम्या लावणं, माझं अस्तित्व. विनायकला आडून विचारलं, मी कुमुदकडे जाऊन राहू का. तो म्हणाला, "आई, प्लीज यार, आता तू नको सुरू होऊस."

माझ्यामुळे सुनेचं डोकं दुखतं. फार लागलं मनाला.

२७ नोव्हेंबर, रविवार

आज ती माझ्यावर ओरडली. कुकरची शिट्टी झाली म्हणून. मग दहा मिनिटांनी येऊन "सॉरी आई" म्हणाली आणि तिथेच ओट्याला टेकून रडायला लागली. मी पाठीवरून हात फिरवला. तेव्हा कळलं तिच्या मनात काय चाललंय ते.

तिची आई, तानूबाई, डोक्यातल्या गाठीने गेली. अलका तेव्हा अकरावीत होती, मायलेकी दिल्ली कँटात, लष्कराच्या वसाहतीत राहत होत्या. वडील सुभेदार, पोस्टिंग सीमेवर. तानूबाई चार महिने डोक्याला बाम चोळत राहिल्या, कुणाला सांगितलं नाही, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. हे सगळं मला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं, मी विसरले होते. "आईचंही असंच सुरू झालं होतं," अलका म्हणाली. "येऊन जाऊन."

तिच्या टेबलावर एक पिवळी फाइल दिसली. उघडायला नको होती. आत विम्याचे कागद, बँकांचे पासवर्ड, आणि वर तिच्या अक्षरात 'विनायकसाठी'. पस्तीस वर्षं फायली उघडल्या, ही मात्र झटकन मिटून जागच्या जागी ठेवली.

३ डिसेंबर, शनिवार

आज डॉक्टरकडे गेलो. विनायकची मीटिंग होती म्हणून मी सोबत.

डॉक्टर शांत बाई. सगळं नीट विचारलं. कधी दुखतं, किती दुखतं, आईचं काय झालं होतं. अलकाने वहीत तारखा लिहून नेल्या होत्या. त्या पाहून बाई म्हणाल्या, "छुट्टी के दिन ज़्यादा होता है. कॉफ़ी पीती हैं आप?"

"जी. चार कप."

"कम तो नहीं की? अचानक छूट जाए तो बिल्कुल ऐसा ही दर्द होता है. ऑफ़िस में मिल गई तो ठीक, घर पर नहीं मिली तो शुरू."

"नहीं मैम. घर पर भी उतनी ही. सेम कॉफ़ी."

"पक्का?"

"पक्का."

डॉक्टरांनी लिहिलेल्या ओळीवर काट मारली. मला ती काट दिसली. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकचा मेंदू होता, गुलाबी, झाकण उघडणारा. मी त्याच्याकडे बघत राहिले. बारा नोव्हेंबर, तेरा, चौदा. एकोणीस, वीस, एकवीस. सगळ्या तारखा माझ्या होत्या. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. हिंदीत, मराठीत, कशातही. मी मूग गिळून बसले.

"तब तो एमआरआई करवा लेते हैं," बाई म्हणाल्या. "फ़ैमिली हिस्ट्री है."

टॅक्सीत अलकाने माझा हात धरला. म्हणाली, "आई, तुम्ही आलात ते बरं झालं." मला तो हात सोडवून घ्यावासा वाटला.

४ डिसेंबर, रविवार

सकाळी सगळे झोपलेले असताना साबुदाण्यामागचा डबा काढला आणि पूड जागच्या जागी आणली. उरलेली दुसरी नळाखाली सोडून दिली. काळं पाणी किती वेळ जात होतं.

आता डोकं दुखणार नाही. दुखलं नाही की भीती जाईल. भीती गेली की तपासणी रद्द. कुणाला काही सांगायची गरजच नाही. अशा पुष्कळ फायली मी न बोलता बंद होताना पाहिल्या आहेत.

९ डिसेंबर, शुक्रवार

पाच दिवस झाले, डोकं दुखलेलं नाही. आज घरी होती, चार मग प्यायली, एकदम ठीक. मी म्हटलं, "बघ, बरी झालीस. कशाला ते मशीन?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विसरणार नाही. "आईचंही मध्ये पंधरा दिवस थांबलं होतं," ती म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी देवाला नारळ वाढवला होता."

तपासणी सोमवारी. तिचे वडील उद्या येताहेत.

मी बरं केलं तरी ते तिला वाईटाचं लक्षण वाटतं. असा घोळ मी घालून ठेवला आहे.

१० डिसेंबर, शनिवार

हिंमतराव आले. कराडजवळच्या गावाहून दोन दिवसांचा प्रवास, आरक्षण अर्धंच मिळालेलं. पिशवीत इंद्रायणी तांदूळ आणि लेकीसाठी भाजलेल्या शेंगा. बूट दाराबाहेर एका रेषेत काढून ठेवले. अजून फौजी.

जेवणानंतर अलका आत गेली आणि आम्ही दोघंच बसलो. मी ठरवलं होतं, यांना सांगायचं. म्हटलं, "हिंमतराव, मला जरा तुमच्याशी बोलायचंय. अलकाच्या डोक्याचं…"

"ताई, काय बोलू नका," ते म्हणाले. "आमची ही गेली तवा मी बर्फात व्हतो. तिच्याजवळ बाईमाणूस कुणी नव्हतं. पोरीला एकटीनं सगळं बघावं लागलं. औंदा तुमी हाय तिच्याजवळ. फोनवर सांगती ती, आईंनी हे केलं, आईंनी ते केलं." त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. सत्तरीच्या माणसाने. मीही हात जोडले, दुसरं काय करणार होते.

आता मनाशी असं म्हणते आहे की सोमवारी मशीनच सांगेल की काही नाही. मग माझ्या सांगण्याने काय वेगळं होणार? हे लिहिताना माझं मलाच पटत नाही.

१२ डिसेंबर, सोमवार

धातूचं काही चालत नाही म्हणून तिने मंगळसूत्र, कुड्या, अंगठी काढून माझ्या रुमालात दिलं. मंगळसूत्र तिच्या मानेवरून निघताना अडकलं, मी सोडवून दिलं. "आई, सांभाळा," म्हणाली, आणि हसायचा प्रयत्न केला. ओठ पांढरे पडले होते.

चाळीस मिनिटं. आतून ठोकल्यासारखे आवाज येत होते. विनायक भिंतीला टेकून उभा, हिंमतराव ताठ बसलेले, डोळे मिटून. मी रुमालाची पुरचुंडी मुठीत धरून बसले होते. त्या चाळीस मिनिटांत मला माझी जितकी शिसारी आली तितकी आयुष्यात कुणाची आली नव्हती. आणि तरीही उठून बोलले नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते.

१४ डिसेंबर, बुधवार

रिपोर्ट आला. डोक्यात काहीही नाही.

विनायक दारातच रडला. हिंमतराव खाली जाऊन पेढे घेऊन आले. अलका खुर्चीत बसून राहिली होती, पाय पोटाशी घेऊन, लहान मुलीसारखी. मग विनायक मला मिठी मारून म्हणाला, "आईच्या जायफळाच्या कॉफीने बरी केली तिला!" सगळे हसले. हिंमतरावांनी पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

तो पेढा मला खाता येईना. ताटलीत ठेवला आणि अलकाला म्हटलं, जरा आत ये.

सांगितलं. दुकान, डबा, तारखा, डॉक्टरांपुढे गप्प बसणं, सगळं. क्रमाने सांगितलं, काही गाळलं नाही. ती पलंगाच्या काठावर बसली होती. तिने उशी मांडीवर ओढून घेतली. मग विचारलं, "का?"

"तुला झोप लागत नव्हती म्हणून."

"झोपेसाठी?"

या वहीतही मी आजवर तेच लिहिलं आहे, काळजी, झोप. तिच्यासमोर ते चाललं नाही. मी म्हटलं, "मूल व्हावं म्हणून. कुमुदने पाठवलं होतं, कॉफीने होत नाही असं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर सोसला असता.

"आई, दोन वर्षं आमची ट्रीटमेंट चालली होती. इंजेक्शनं घेतली. मी सात महिने कॉफी सोडली होती. एक थेंब घेतला नाही. दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा गेलं. मग आम्ही थांबवलं. विनायक म्हणाला, आईला मी सांगतो." तिने उशी बाजूला ठेवली. "त्यानंतर पहिल्यांदा कॉफी केली त्या दिवशी मला वाटलं होतं, चला, एवढं तरी माझं मला परत मिळालं."

मी दार नीट लोटून घेतलं.

"आणि सोडली होती तेव्हाही पहिले काही दिवस डोकं असंच दुखलं होतं," ती म्हणाली. "मला ओळखीचं वाटत होतं, आई. मी स्वतःला सांगत होते, हे कॉफीचंच दुखणं आहे. पण मी तर पीत होते. मग म्हटलं, हे दुसरंच काहीतरी असणार."

क्षमा माग म्हणून कुणी सांगायला नको होतं. मागितली. ती उठून बाहेर गेली, वडिलांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यांना काहीच सांगितलं नाही तिने. मी आत बसले होते, बाहेर हिंमतराव विचारत होते, ताई कुठं गेल्या, त्यांनी पेढा खाल्ला नाही.

१५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी डबा ओट्यावर नव्हता. कॉफीचा. तिने तिच्या खोलीत, कपाटात नेऊन ठेवला आहे. काचेचं भांडंही. ऑफिसला जाण्याआधी दार लोटून आतच करून घेतली. विजेची किटली वाजत होती.

विनायकने मला काही विचारलं नाही, मीही त्याला नाही. माझ्यापासून लपवलं त्याने, आणि का लपवलं ते मला आता समजतं. मी कुमुदला सांगितलं असतं, कुमुदने पन्नास जणींना.

२० डिसेंबर, मंगळवार. गाझियाबाद

लिफ्ट झाली. मी डबे तिथेच सोडून आले. निघताना अलका ऑफिसात होती. विनायक सोडायला आला, वाटेत एकदाच बोलला, "तिला वेळ दे, आई." मी हो म्हटलं. त्याच्या लहानपणी मी त्याच्या पत्रांचे लिफाफे उघडून वाचायची, ते आज यमुनेच्या पुलावर आठवलं.

कुमुदचे मजकूर येतात. उघडत नाही.

२२ जानेवारी २०२३, रविवार

आज दोघं आली. अलका येईल असं वाटलं नव्हतं. केस कापले आहेत, छान दिसते. जेवताना मुळ्याच्या भाजीबद्दल बोललो, थंडीबद्दल, हिंमतरावांच्या गुडघ्याबद्दल. विनायक खाली गाडी बघायला गेला तेव्हा ती म्हणाली, "आई, कॉफी करता का?"

"तुझी काळी इथे नाही गं. आपलीच करावी लागेल."

"चालेल."

मी स्वयंपाकघरात गेले. ती मागोमाग आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. का आली ते मला कळलं. तोंड वर करून काही बोलायची माझी योग्यता नव्हती. माझ्या ओट्यावर आता कॉफी पाकिटातच असते, वर कपड्याचा चिमटा. ते पाकीट मी तिच्या हातात दिलं. तिने नाव वाचलं, मागे उलटून बारीक अक्षरंही वाचली, चिमटा काढून वास घेतला आणि परत दिलं. दूध ठेवलं, साखर घातली, पूड घातली. ती माझ्या हातांकडे बघत होती, मी हात झाकले नाहीत.

उकळी आली. जायफळ घ्यायला हात गेला आणि थांबला. इतक्या वर्षांत मी असंख्य लोकांना कॉफी दिली, हे कुणाला विचारलं नव्हतं.

"अलका, जायफळ घालू का?"

तिने जायफळाकडे पाहिलं.

"घाला," ती म्हणाली. "पण मला दिसेल असं घाला."

मी किसणी तिच्या बाजूला वळवली.